पळण्याइतकंच थांबणंही मोजा

रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या ताया, माम्या, काक्या आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या लेकी-सुनांनो, आज मी तुमच्याशी पळण्याबद्दल बोलणार आहे. काहीजणी म्हणतील, आमचं आता पळायचं वय राहिलं का? पण तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरात पहाटे पाचचा गजर लावून उठणारी पोरगी आहे. ती पोलीस भरतीची तयारी करतेय. ती कशी पळते, किती पळते आणि पळून आल्यावर घरी काय खाते, हे तिच्या आईला कळायला हवं. म्हणून आजचं बोलणं आयांसाठीही आहे. शक्य असेल तर वही-पेन जवळ घ्या, मध्ये थोडं गणित येणार आहे.

मी शाळेत खेळ शिकवते. दर भरतीच्या आधी आमच्या मैदानावर आजूबाजूच्या चार-पाच वाड्यांतल्या मुली येतात. महाराष्ट्राच्या पोलीस शिपाई भरतीत मुलींचं ग्राउंड ५० गुणांचं असतं. त्यात ८०० मीटर पळण्याला २०, १०० मीटर पळण्याला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण. म्हणजे सगळ्यात जास्त गुण ८०० मीटरला. ते २ मिनिटं ५० सेकंदांत पुरं केलं तर २० पैकी २० मिळतात. वेळ वाढेल तसे गुण कमी होत जातात. नियम दर वेळी जाहिरातीत नीट वाचून घ्यावेत, पण आपलं गणित आपण या आकड्यावर करू.

आता या मुली तयारी कशी करतात? रोज पहाटे येतात, आख्खे ८०० मीटर जीव तोडून पळतात, धाप लागून मैदानावर बसतात, मोबाईलमध्ये वेळ बघतात आणि घरी जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पहिले पंधरा-वीस दिवस वेळ कमी होते. मग ती एका जागी अडकते. मुलगी म्हणते, माझ्यात दमच नाही. आई म्हणते, जाऊ दे, नशिबात नाही. पुष्कळदा खोट नशिबातही नसते आणि दमातही नसते, ती सरावाच्या आखणीत असते.

हे मी स्वतः भोगलंय. कॉलेजात असताना मी जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी ८०० मीटरची तयारी करत होते. आम्हाला सांगितलेलं, जितकं जास्त पळाल तितकं चांगलं, आणि रोज पूर्ण जोरात. मी सहा आठवडे तसंच केलं. मग नडग्या दुखायला लागल्या. आधी पळताना, मग चालताना, शेवटी जिना चढताना. स्पर्धेच्या दिवशी मी मैदानाच्या कडेला बसून दुसऱ्या मुलींच्या चपला सांभाळत होते. तेव्हा मला वाटलं, मीच कमी पडले. शिकवायला लागल्यावर कळलं की मी भरपूर पळाले होते, मधली विश्रांती मात्र कधी घेतलीच नव्हती.

८०० मीटरला मध्यम अंतराची शर्यत म्हणतात. १०० मीटरसारखी ती एका दमात संपत नाही आणि दहा किलोमीटरसारखी निवांतही पळता येत नाही. चुलीचं उदाहरण घ्या. चिपाडं घातली की जाळ भडकतो, पण लगेच विझतो. लाकडाचं ओंडकं उशिरा पेटतं, पण आच टिकते. आपल्या शरीरातही अशा दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत श्वासातून आलेल्या प्राणवायूवर ताकद तयार होते, ती सावकाश पण बराच वेळ पुरते. दुसरीत प्राणवायू पुरेसा नसतानाही ताकद झटकन मिळते, पण थोड्याच वेळात पाय जड होतात, मांड्या भरून येतात. तीन मिनिटांच्या पळण्यात दोन्ही लागतात, आणि त्यातही पहिलीचा वाटा जास्त असतो. पहिल्याच दोनशे मीटरमध्ये चिपाडं जाळून टाकली तर शेवटचे दोनशे मीटर कशावर काढणार?

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे आली. तिची वेळ होती ३ मिनिटं २८ सेकंद. मी तिला सांगितलं, पुन्हा पळ, आणि या खेपेला प्रत्येक २०० मीटरची वेळ टिपली. पहिले २०० तिने ४० सेकंदांत काढले. दुसरे ४८ मध्ये, तिसरे ५८ मध्ये आणि शेवटचे ६२ मध्ये. बेरीज तीच, ३ मिनिटं २८ सेकंद. ती सुरुवातीला हरणासारखी सुटत होती आणि शेवटी पाय ओढत येत होती. तिला आपल्या पायांची चाल माहीत नव्हती. रोज आख्खे ८०० पळून ती माहीत होणारही नव्हती.

म्हणून तुकडे करायचे. याला इंटरव्हलचा सराव म्हणतात. इंटरव्हल म्हणजे मधली वेळ, सिनेमात असते तशीच. ठरलेलं छोटं अंतर ठरलेल्या वेळेत पळायचं, मग ठरलेला वेळ चालायचं, मग पुन्हा तेवढंच पळायचं. फायदा काय, तो हिशेबाने बघा. एखादीची वेळ ३ मिनिटं २० सेकंद आहे. त्या चालीने ती एका दमात ८०० मीटरच पळू शकते, पुढे नाही. पण २०० मीटरचे सहा तुकडे मध्ये थांबून पळाली, तर त्याच चालीने ती १२०० मीटर पळते. म्हणजे दीडपट. शिवाय कोसळत नाही, चाल बिघडत नाही, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा सरावाला तयार असते.

ही युक्ती जुनी आहे. जर्मनीत गेर्शलर नावाचे प्रशिक्षक होते. त्यांनी एका हृदयाच्या डॉक्टरांबरोबर काम करून असा सराव नाडीच्या ठोक्यांवर बसवला. त्यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळून जागतिक विक्रम केला, तो १९५५ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ४०० मीटरचे तुकडे मध्ये हळू पळत पुन्हा पुन्हा पळायचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५ हजार मीटर, १० हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं घेतली. आणि लांब कशाला जायचं? साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या ३ हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत पोचली आणि दहावी आली. दुष्काळी गावातली मुलगी. आपल्या मातीतून असं घडू शकतं, एवढ्यासाठी सांगते.

आता आखणीकडे येऊ. पहिली गोष्ट, अंतर मोजणं. गावात पळण्याचा आखीव ट्रॅक नसतो. विजेचे खांब मोजून चालत नाही, त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं. गवंड्याकडे लांब टेप असते, ती तासाभरासाठी मागून आणा. तीही नसेल तर सायकल घ्या. चाकाला एक चिंधी बांधा आणि चाक एकदा पूर्ण फिरलं की सायकल किती पुढे जाते ते मोजा. समजा २ मीटर १० सेंटिमीटर आलं. मग सायकल हातात धरून सरळ चालवत न्या आणि चिंधीचे ९५ फेरे मोजा. झाले २०० मीटर, अर्ध्या मीटरचा फरक. तिथे फक्कीने रेघ मारा. १०० आणि ३०० मीटरलाही खूण करा. जागा सपाट आणि मातीची असावी. डांबरी रस्त्यावर रोज जोरात पळालं की नडग्या आणि गुडघे दुखायला लागतात, शिवाय गाड्यांची भीती वेगळी.

दुसरी गोष्ट, आजची खरी वेळ. एकदा आख्खे ८०० पळा, वेळ घ्या, त्याचे सेकंद करा आणि चाराने भागा. ३ मिनिटं २० सेकंद म्हणजे २०० सेकंद. भागिले ४, म्हणजे ५० सेकंद. ही झाली तिची २०० मीटरची आजची चाल. पूर्ण गुणांची वेळ २ मिनिटं ५० सेकंद, म्हणजे १७० सेकंद, म्हणजे २०० मीटरला साडेबेचाळीस सेकंद. मुलींना लगेच साडेबेचाळीस गाठायचे असतात. तसं करू नका. आज आहोत तिथून सुरुवात करायची.

तिसरी गोष्ट, आठवडा. जोराचा सराव आठवड्यातून दोनच दिवस, आणि त्या दोन दिवसांत अंतर हवं. समजा मंगळवार आणि शुक्रवार. मंगळवारी २०० मीटरचे तुकडे. बुधवारी २०-२५ मिनिटं हळू पळणं, इतकं हळू की शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. गुरुवारी तसंच, आणि गोळाफेक. शुक्रवारी १०० मीटरचे तुकडे, सहापासून सुरू करून हळूहळू दहापर्यंत, दर वेळी चालत मागे यायचं. यात दात आवळायचे नाहीत, खांदे सैल ठेवायचे. हाच सराव १०० मीटरच्या गुणांनाही कामी येतो. शनिवारी चालणं आणि अंग ताणणं. रविवारी ४० मिनिटं सावकाश पळणं, म्हणजे ओंडक्याची आच वाढते. सोमवारी पूर्ण विश्रांती. पूर्ण म्हणजे पूर्ण.

आता मंगळवारचे तुकडे, आठ आठवड्यांचे. ३ मिनिटं २० सेकंदवाली मुलगी धरून सांगते, लिहून घ्या.

पहिला आठवडा: २०० मीटर पाच वेळा, प्रत्येक ५० सेकंदांत, मध्ये ३ मिनिटं चालणं.

दुसरा आठवडा: तेच, पण सहा वेळा.

तिसरा आठवडा: तेच, सात वेळा.

चौथा आठवडा हलका: फक्त चार वेळा. याच आठवड्यात मुली म्हणतात, मॅडम, मला आता बरं वाटतंय, जास्त पळू का? नाही. शरीर या हलक्या आठवड्यातच सुधारतं.

पाचवा आठवडा: सात वेळा, ५० सेकंदांतच, पण मधली विश्रांती अडीच मिनिटं.

सहावा आठवडा: सहा वेळा, या खेपेला ४८ सेकंदांत, विश्रांती पुन्हा ३ मिनिटं.

सातवा आठवडा: ३०० मीटर चार वेळा, प्रत्येक ७२ सेकंदांत, मध्ये ४ मिनिटं.

आठवा आठवडा: २०० मीटर चारच वेळा, ४८ सेकंदांत, विश्रांती ३ मिनिटं. शुक्रवारचा सराव या आठवड्यात सोडून द्यायचा. दोन दिवस फक्त चालायचं, मग दोन दिवस आराम, आणि मग आख्ख्या ८०० ची वेळ घ्यायची. जी नवी वेळ येईल तिला पुन्हा चाराने भागायचं आणि नव्या चालीने पहिल्या आठवड्यापासून सुरुवात.

तुमच्या लक्षात आलं असेल, तुकड्यांची संख्या वाढवली तेव्हा वेग तोच ठेवला. विश्रांती कमी केली तेव्हाही वेग तोच. वेग वाढवला तेव्हा विश्रांती परत वाढवून दिली. एका वेळी सारं वाढवलं तर शरीर बिघडतं, आणि नेमकं कशाने बिघडलं तेही कळत नाही.

तुकडे सुरू करण्याआधी १०-१५ मिनिटं अंग गरम करायचं: हळू पळणं, पाय-कंबर मोकळी करणं, आणि ५०-६० मीटरच्या दोन-तीन सहज धावा. संपल्यावर धपकन बसायचं नाही, १० मिनिटं चालायचं. पहिला तुकडा आणि शेवटचा तुकडा एकाच वेळेत आला पाहिजे. पहिला ४४ आणि शेवटचा ५६ आला, तर ती मुलगी सराव करत नाहीये, शर्यत करतेय. तिला पुढच्या वेळी आवरा.

विश्रांती पुरली की नाही, हे कळायची एक सोपी रीत आहे. मनगटावर अंगठ्याखाली दोन बोटं ठेवा आणि १० सेकंदांत नाडीचे ठोके मोजा. तुकडा संपल्यावर २८-३० येतील. चालता चालता ते २० च्या आसपास आले की पुढच्या तुकड्याला शरीर तयार आहे. गेर्शलर मिनिटाला १२० ठोके धरायचे, तो हाच हिशेब. चालून चालून ३ मिनिटं झाली तरी २५ च्या खाली येत नसेल, तर आजचा सराव संपला. घरी जायचं. त्यात लाज नाही. आदल्या दिवशी कांद्याच्या लागणीत वाकून काम केलं असेल, झोप झाली नसेल, तर असं होतं. म्हणूनच दिवसभर खुरपणी केलेल्या पोरीला दुसऱ्या पहाटे तुकडे पळवू नका, तो सराव एक दिवस पुढे ढकला. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा हाडाच्या एकाच जागी दुखत राहिलं, तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आता आयांनो, तुमच्याकडे येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. रक्त कमी म्हणजे प्राणवायू वाहून नेणारंच कमी. मग मुलीने कितीही तुकडे पळू देत, दम वाढणार कसा? उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. कमी असेल तर आशाताई किंवा सिस्टर सांगतील त्याप्रमाणे लोहाच्या गोळ्या द्या. पालेभाजी, कडधान्य, बाजरी-नाचणीची भाकरी रोजची असू दे, वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह अडवतो. पळायच्या आधी एखादं केळं आणि पळून आल्यावर तासाभरात पोटभर न्याहारी. परवडत असेल तर अंडं, नाहीतर उसळ, शेंगदाणे, दूध. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं तिच्या ताटात, असं करू नका.

पाळीच्या दिवसांत पळू नये असं काही नाही. बरं वाटत असेल तर पळावं, दुखत असेल तर हलकं घ्यावं. पण पळायला लागल्यापासून पाळी सलग तीन महिने आलीच नाही, तर ती चांगली खूण समजू नका. पुष्कळदा त्याचा अर्थ असतो की खाणं पुरत नाहीये, आणि अशाने हाडं कमजोर होतात. डॉक्टरांकडे न्या.

ती ३ मिनिटं २८ सेकंदवाली मुलगी आठवते ना? तिच्या सरावाला तिची आई यायला लागली. घड्याळ बघता येतं पण मोबाईलमधलं स्टॉपवॉच येत नाही म्हणाली, ते एका दिवसात शिकली. वहीत ती आकडे लिहायची. बचत गटाचा हिशेब लिहिणारी बाई, तिची वही माझ्यापेक्षा स्वच्छ. चार महिन्यांनी मुलगी ३ मिनिटं ८ सेकंदांवर आली, आणि चारही तुकडे ४६ ते ४८ सेकंदांच्या आत. मागच्या भरतीत तिचं नाव यादीत आलं नाही. दोन गुण कमी पडले. त्या दिवशी दोघी माझ्याकडे आल्या. मला वाटलं आता रडतील. आईने वही उघडली आणि म्हणाली, मॅडम, पुढचा भागाकार किती धरायचा? १८८ भागिले ४, म्हणजे ४७. आम्ही त्याच मंगळवारी सुरुवात केली.

मैत्रिणींनो, भरतीची जाहिरात आल्यावर पळायला लागलं तर उशीर झालेला असतो. सहा महिने तरी हातात हवेत. गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवा: वाडीतल्या किती मुली तयारी करताहेत, त्यांच्यासाठी अंतर कोण मोजून देणार, आणि पहाटे अंधारात त्यांच्याबरोबर मैदानावर कोण उभं राहणार. आळीपाळीने दोन-दोन जणी गेल्या तरी पुरे. मुली न घाबरता पळतील, आणि वेळ लिहायला माणूस मिळेल. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तिच्या वाट्याचं पाणी भरणं दुसऱ्या कुणीतरी केलं, भावाने केलं, तर फारच उत्तम.

पुढच्या खेपेला आपण गोळाफेकीबद्दल बोलू. तोवर एक आख्खे ८०० पळवून घ्या आणि चाराने भागून ठेवा. नमस्कार.